इंदूर ते महेश्वर, जाम दरवाज्याच्या रस्त्याने जुन्या गाड्यांचा ताफा: पद्मिनी काढावी का?

चोक_ओढा
मंडळी, संक्रांतीनंतरच्या शनिवार-रविवारी आम्ही काही जण जुन्या गाड्या काढून महेश्वरला जायचं म्हणतोय. दोन ॲम्बेसेडर, एक स्टँडर्ड हेरल्ड, एक महिंद्राची सीजे-३बी जीप, एक काँटेसा आणि माझी १९७६ची प्रीमिअर पद्मिनी. ए.बी. रोडने (आग्रा-मुंबई महामार्गाने) जायचं नाही, एवढ्यावर एकमत झालंय. महू, जाम दरवाजा, मंडलेश्वर, महेश्वर असा मागचा रस्ता ठरतोय. शनिवारी मुक्काम, रविवारी परत.

पद्मिनी वडिलांची. रामबागेतून राजवाडा, राजवाड्यावरून छप्पन दुकान, एवढं तिचं जग. गावात कधी रुसत नाही, पण घाट तिने बघून वर्षं झाली. बायको म्हणते, तू जा, मी बसने येते. तर प्रश्न असा की या वयाची गाडी आडरस्त्याने, घोळक्यात न्यावी का? नेली तर काय काय बघून घ्यावं? ‘नवी गाडी घ्या’ हा सल्ला सोडून काहीही लिहा.

सेवपरमल
नवी गाडी घ्या.

माळवी_माणूस
सेवपरमल भिया, हसून हसून पुरेवाट.
चोक_ओढा, बिनधास्त न्या. मागचा रस्ता जुन्या गाडीला महामार्गापेक्षा कधीही बरा. १०८९ सीसीचं इंजिन, चार गियर, पन्नास-पंचावन्नला ती मजेत चालते. ए.बी. रोडवर मागून ट्रेलर हॉर्न देत आला की माणूस उगाच ऐंशीला नेतो, आणि गाडी तिथे मरते.

जुनं_गॅरेज
माळवी_माणूस यांच्याशी सहमत, पण ‘बिनधास्त’ हा शब्द सोडून.

न्यायची की नाही ते नंतर. आधी ब्रेक. पद्मिनीला चारी चाकांना ड्रम. गावात ते कधी तापत नाहीत, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. घाटात सलग दहा मिनिटं पाय ब्रेकवर ठेवला की लायनर तापतात, पेडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी वाईट. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, तापल्यावर त्या पाण्याची वाफ होते, मग पेडल थेट जमिनीला. शेवटचं कधी बदललं ते आठवत नसेल तर तेच उत्तर समजा. चारी ड्रम उघडा, व्हील सिलिंडर पाझरतोय का बघा (रबराची टोपी उचलून आत बोट घाला, ओलं लागलं तर किट बदला), सगळं ऑइल नवं भरा, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढा.

उतरताना नियम एकच. ज्या गियरमध्ये चढली असती, त्याच गियरमध्ये उतरायचं. दुसरा टाका आणि इंजिनला ओरडू द्या. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे महाभाग प्रत्येक ताफ्यात एक तरी असतात. त्यांना मागे ठेवू नका, पुढेही ठेवू नका, घरी ठेवा.

निमाडकर
मी मंडलेश्वरचा. रस्ता रोजचा आहे म्हणून लिहितो.

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, महेश्वर दीडशेच्या आसपास. म्हणजे चारशे मीटर उतरायचंय, आणि ते रस्त्यात सारखं वाटून दिलेलं नाही. महूपर्यंत आणि पुढेही बराच वेळ माळव्याचं सपाट पठार, दोन्हीकडे गहू-हरभरा. मग जाम दरवाजा येतो, पठार संपतं आणि विंध्याचा कडा खाली निमाडात पडतो. सगळा उतार तिथे, वळणावळणाचा. खाली आलं की परत सपाट.

म्हणून जाताना ब्रेकची परीक्षा आणि येताना रेडिएटरची. रविवारी दुपारी जेवून, गाडीत चार माणसं आणि डिकीत साड्यांचे गठ्ठे घालून चढायला लागाल तर अर्ध्या घाटात केटली होईल. सकाळी सातला महेश्वर सोडा.

आणखी एक. रविवारी जाम दरवाज्यावर अख्खं इंदूर सेल्फी काढायला येतं. पावसाळ्यात तर विचारू नका, पण थंडीतही कमी नसतं. गाड्या वाटेल तशा उभ्या असतात. सहा जुन्या गाड्या तिथे थांबवल्यात तर तुमच्याच बॉनेटवर बसून लोक फोटो काढतील.

राजवाडा_कट्टा
त्या दरवाज्याबद्दल जरा. १७९१ साली अहिल्याबाईंनी बांधवलेला. माळव्यातून निमाडात, म्हणजे तिच्या राजधानीला महेश्वरला उतरायच्या वाटेवरचं हे तोंड. हत्ती, उंट, पालख्या, तोफा याच कड्यावरून चढल्या-उतरल्या. तेव्हा पद्मिनीचं फार कौतुक नको.

सेवपरमल
हत्तीला ड्रम ब्रेक नसतात.

घाटरस्ता
ताफ्याबद्दल लिहितो, कारण गाडी बिघडण्यापेक्षा ताफा फुटण्याचा त्रास जास्त.

सगळ्यात हळू गाडी सगळ्यात पुढे. जिचा वेग कमी ती वेग ठरवेल. बाकीच्यांनी मागून कुरकुरायचं नाही. सगळ्यात शेवटी मेकॅनिक आणि सामान असलेली गाडी, तिला कोणी मागे टाकायचं नाही आणि तिनेही कोणाला मागे सोडायचं नाही. मधल्या प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्या गाडीची जबाबदारी घ्यायची. वळण किंवा फाटा आला की मागची गाडी आरशात दिसेपर्यंत थांबायचं, तिला आपण दिसलो की निघायचं. हे सगळ्यांनी पाळलं तर कोणी चुकत नाही, मोबाइल लागत नाही. घाटात तसाही तो लागत नाही, आणि गटावर ‘कुठे आहात’ असे सतरा संदेश खाली उतरल्यावर एकदम येतात.

दोन गाड्यांत अंतर भरपूर ठेवा. चिकटून चाललात तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला, ट्रॅक्टरवाल्याला सहा गाड्या एका दमात ओलांडाव्या लागतात. मागच्या रस्त्यावर आपण पाहुणे, त्यांना शेतावर जायचं असतं.

जुनं_गॅरेज
@घाटरस्ता, हळू गाडी पुढे हे सपाटीवर कबूल. चढावर नाही. चढावर हेरल्ड पहिल्या गियरमध्ये रांगायला लागली की मागच्या काँटेसाला तिच्या मागे हाफ क्लच करत चढावं लागतं. क्लच जळतो, पंख्याला हवा मिळत नाही, गरम होते. चढावर प्रत्येकाने आपल्या गाडीच्या चालीने जावं आणि वर जाम दरवाज्याच्या अलीकडे ठरलेल्या जागी जमावं.

घाटरस्ता
चालेल. पण शेपटीची गाडी तिथेही शेवटीच.

लष्करवाली
मी ग्वाल्हेरची, तिथल्या लष्कर भागात माहेर. आमच्याकडे बाबांची ॲम्बेसेडर होती आणि तिच्यातून दतिया, ओरछा, शिवपुरी सगळं झालं. ओरछ्याच्या अलीकडे गाडी एकदा बंद पडली ती आठवतेय. मे महिना. सेल्फ फिरतोय, स्पार्क येतोय, गाडी चालू होत नाही. बाबा बॉनेट उघडून उभे, आई झाडाखाली. शेळ्या चारणारा एक म्हातारा आला, काही न विचारता त्याने डोक्याचं पागोटं सोडलं, आमच्या सुरईतलं पाणी त्यावर ओतलं आणि इंजिनाच्या बाजूच्या वाटीसारख्या भागाला गुंडाळलं. म्हणाला, बैठो, बीड़ी पियो. बीडी संपेपर्यंत गाडी चालू. बाबांना ते काय होतं ते तेव्हा कळलं नाही, आणि त्यांनी ते शेवटपर्यंत मान्यही केलं नाही.

जुनं_गॅरेज
@लष्करवाली, तो पेट्रोल पंप. म्हणजे गाडीतला, इंजिनाला चिकटलेला. इंजिनाच्या आचेने पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंपाला पातळ पेट्रोल ओढता येतं, वाफ ओढता येत नाही, मग कार्बोरेटर कोरडा पडतो. गॅरेजात याला एअर लॉक म्हणतात. ओलं फडकं हाच इलाज, म्हातारबुवा जाणकार होते.

चोक_ओढा, तुझ्याही गाडीला हे होऊ शकतं आणि आता जास्त होईल, कारण पंपावर मिळतं ते ई-२०, वीस टक्के इथेनॉल. हे मिश्रण तापल्यावर लवकर वाफाळतं. शिवाय जुन्या रबराला ते मानवत नाही. पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) फुगतो, नळ्या आतून सुटतात आणि त्यांचा काळा भुगा कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. गाडी दोन महिने उभी राहिली की इथेनॉल ओल धरतं आणि टाकीला आतून गंज. तेव्हा जायच्या आधी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी इथेनॉलला टिकणाऱ्या नळीने बदल, डायफ्राम नवा टाक, मध्ये पारदर्शक फिल्टर लाव म्हणजे कचरा दिसेल. नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून जात असेल तर लांब घे.

खरा इलाज पाहिजे तर टाकीजवळ विजेवरचा छोटा पंप बसव. मागून ढकललेल्या पेट्रोलची वाफ सहज होत नाही.

मूळ_रंग
झालं, सुरू झाले. आज विजेवरचा पंप, उद्या विजेचा पंखा, परवा मारुतीचं इंजिन. मग पद्मिनी कशाला म्हणायची? आहे तशी ठेवता येत नसेल तर झाकून ठेवा.

जुनं_गॅरेज
झाकून ठेवलेल्या गाड्याच माझ्याकडे येतात. क्रेनवर.

बडोदेकर
आमच्याकडे जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्याच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरला होता. देशभरातल्या राजेरजवाड्यांच्या गाड्या. काय त्या गाड्या, काय ते क्रोम! तिथून स्टॅच्यू ऑफ युनिटीपर्यंत गाड्या चालवतही नेल्या होत्या. मूळ_रंग यांचा मुद्दा तिथे पटतो. परीक्षक स्क्रूचं डोकंसुद्धा बघतात, त्या काळातला आहे की नंतरचा.

पण बहुतेक गाड्या तिथे ट्रेलरवरून येतात आणि ट्रेलरवरून जातात. त्यांचा आणि चोक_ओढांच्या पद्मिनीचा धर्म वेगळा. आमच्या मामांची फियाट अजून मांडवीत भाजी आणायला जाते, आणि तिच्यात तीन गोष्टी तरी मूळच्या नसतील.

राजवाडा_कट्टा
बडोद्याच्या गाड्यांचं ऐकून राहवलं नाही. इंदूरही कमी नव्हतं. दुसऱ्या यशवंतराव होळकरांची १९३५ची ड्युसेनबर्ग एसजे, लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधवून घेतलेली, दोन माणसांची उघडी स्पीडस्टर. जुन्या गाड्यांच्या जगात तिचं नाव आजही ‘इंदूरच्या महाराजांची’ असंच घेतात. ती गाडी परदेशी गेली. महाराजांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराकडून बांधवलेल्या माणिकबागेत आता सरकारी करखातं बसतं.

सेवपरमल
म्हणजे गाडी गेली आणि टॅक्स राहिला.

माळवी_माणूस
धागा कुठे चाललाय! माणिकबागेवरून परत महूच्या रस्त्याला या.

कागदपत्री
कोणी कागदांचं बोललंच नाही म्हणून लिहितो. १९७६ची गाडी म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झाली किंवा होतील. २०२१ पासून पन्नासहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते. वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी. नंतर नूतनीकरण पाच हजार. नव्याने क्रमांक घेतला तर त्यात ‘व्हीए’ अक्षरं येतात, आधी नोंदणी असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो.

लोक मानाची पाटी म्हणून घाईने करायला जातात. पण त्या नियमात गाडी रस्त्यावर आणायची कारणं मोजकी दिली आहेत. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, असं. दर रविवारी आईला खजराना गणपतीला न्यायचं असेल तर ते त्यात बसत नाही. तुमची गाडी साध्या नोंदणीवर चालू असेल, कागद ताजे असतील तर फिरण्यासाठी तीच ठेवा. विमा आणि पीयूसी मात्र निघायच्या आधी बघा. जुनी गाडी दिसली की महूच्या अलीकडे हमखास थांबवतात. अर्धे वेळा कागद बघायला आणि अर्धे वेळा ‘हमारे पापा के पास भी थी’ हे सांगायला.

चोक_ओढा
कागदपत्री, आभार. मी खरंच ती व्हीए पाटी लावायच्या विचारात होतो, आता नाही. नोंदणी, विमा चालू आहे.
जुनं_गॅरेज, नळ्या कधी बदलल्या ते माहीत नाही, म्हणजे उत्तर मिळालं. टायर ५.२०-१४चे, नक्षी भरपूर आहे.

जुनं_गॅरेज
नक्षी भरपूर हीच भीती. नक्षी शिल्लक आहे कारण गाडी चालत नाही. टायरच्या बाजूवर बघ, कडेला बारीक भेगा दिसतात का. रबर वयाने मरतं, झिजून नाही. भेगा असतील तर पाचही बदल. हो, पाच. स्टेपनी सगळ्यात म्हातारी असते. आणि नवी ट्यूब बरोबर ठेव, मंडलेश्वरच्या दुकानात या मापाची मिळेल असं गृहीत धरू नकोस. ॲम्बेसेडरवाल्यांचं माप ५.९०-१५, त्यांची तुला चालणार नाही.

निमाडकर
अंधार पडल्यावर चालवू नका. ऊसाच्या, कापसाच्या ट्रॉल्या मागे दिव्याशिवाय जातात. डायनामोवाल्या गाडीत इंजिन हळू झालं की हेडलाइट पिवळा पडतो, आणि तेव्हाच समोर म्हैस असते.

सौ_ताफा
इतकं ब्रेक-पंप चाललंय, मागच्या सीटवरच्यांचं काय? आम्ही अशाच एका सहलीला गेलो होतो. गाडीवाले दर थांब्याला बॉनेट उघडून पंगतीसारखे ओणवे, आणि आम्ही बायका-मुलं रस्त्याच्या कडेला उन्हात. दोन गोष्टी सुचवते. थांबे आधी ठरवा आणि ते सावलीत, स्वच्छतागृह असलेल्या ठिकाणी ठेवा. पहिला महूत. पोहे-जलेबी तिथेच उरकून घ्या, पुढे दुकानं विरळ आहेत. दुसरं, ज्याची गाडी बंद पडेल त्याच्या कुटुंबाला दुसऱ्या गाडीत लगेच बसवून पुढे पाठवा. नवऱ्याने दुरुस्ती करत खुशाल बसावं. यासाठी प्रत्येक गाडीत एक-दोन जागा मोकळ्या ठेवूनच निघायचं. सहा गाड्या आहेत म्हणून तीस माणसं, असा हिशोब करू नका.

लष्करवाली
+१००. हे आधी कोणी सांगितलं असतं तर माझी आई ओरछ्याच्या झाडाखाली तेवढा वेळ बसली नसती.

घाटरस्ता
सौ_ताफा यांचा दुसरा मुद्दा सोन्यासारखा. माझ्या यादीत नव्हता.

मूळ_रंग
सामानाची यादी कोणीतरी द्या की. मी देतो, नाहीतर पुन्हा विजेचा पंप येईल. प्लॅटिनम (म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट) आणि कंडेन्सर, रोटर, कॉइल, फॅन बेल्ट, वरचा-खालचा होजपाइप क्लिपांसकट, पंपाचं किट, प्लग, ॲक्सिलरेटरची तार, फ्यूज, ब्रेक ऑइल, पाण्याचे कॅन, दोर. कंडेन्सर दोन घ्या, हल्ली नवे मिळतात त्यांचा भरवसा नाही. जुना चालू असलेला काढून जपून ठेवा, नवा तपासून गाडीवर लावा आणि जुना खिशात.

जुनं_गॅरेज
यादी पक्की. मूळ_रंग, आपलं जमतंय की. फक्त एक भर. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कोणीही उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी. हाताला सोसेल इतकं गार होऊ दे, मग जाड फडकं ठेवून आधी अर्धा फेरा. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. इंजिन चालू ठेवून हळूहळू भरा.

सेवपरमल
शेपटीची गाडी कोणाची आहे पण? सहाही जुन्या दिसतायत. माझी नवी डिझेल आहे, टो हुक आहे, डिकी रिकामी आहे. मेकॅनिक तुम्ही आणा, गाणी मी लावीन.

चोक_ओढा
सेवपरमल, पक्कं. शेपटी तुमची.

ठरवलं आहे, पद्मिनी काढतो. पण महेश्वरच्या आधी एक दिवस एकट्याने पाताळपाणीपर्यंत जाऊन येतो, काय तापतं ते कळेल. जाताना घाट सकाळी दहाच्या आत उतरायचा, येताना महेश्वर सातला सोडायचं. जाम दरवाज्यावर रविवारी थांबायचं नाही, फोटो शनिवारी जाताना काढायचे. चढावर ज्याच्या त्याच्या चालीने. प्रत्येक गाडीत दोन जागा रिकाम्या. बायको बस सोडून काँटेसात बसायला तयार झालीय. पद्मिनीत अजून नाही.

निमाडकर
मंडलेश्वरला आलात की नर्मदेच्या घाटाकडे वळायच्या आधी निरोप द्या. आमच्या वाड्याच्या अंगणात सहाही गाड्या मावतात, सावली आहे, हातपंप आहे. जेवायला दाल-पानिये करतो.

माळवी_माणूस
दाल-पानिये ऐकून माझी मोपेडसुद्धा येते म्हणते.

सौ_ताफा
किती माणसं, ते निमाडकरांना दोन दिवस आधी कळवा. अंगण त्यांचं असलं तरी स्वयंपाक कोणाला तरी करावा लागतो.

जुनं_गॅरेज
चोक_ओढा, पाताळपाणीला जायच्या आधी गाडी घेऊन ये. नळ्या, डायफ्राम आणि चारी ड्रम एका दमात करू. दुपारी चारनंतर ये, आणि हँडब्रेक ओढून ठेवलेली आणू नकोस. मागचे ड्रम चिकटले असतील तर उघडायला संध्याकाळ जाईल.